लाल पेन्सिलीचं प्रदर्शन

चित्रांच्या प्रदर्शनात गेलं की दारातच पाटी भेटते, ‘चित्रांना हात लावू नये’. आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांच्या प्रदर्शनातली पाटी वेगळी होती. तिच्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असे, ‘चूक दिसली तर चित्रावर खूण करा. बाजूला आपला बिल्ला नंबर लिहा.’ आणि प्रत्येक चित्राशेजारी खिळ्याला सुताच्या दोऱ्यानं बांधलेली एक लाल पेन्सिल लोंबत असे.

बिल्ला म्हणजे कामगाराला गिरणीच्या गेटवर दाखवावा लागायचा तो पितळी नंबर. चित्रं सगळी गिरणीची आणि बघायला येणारेही गिरणीचेच. नवमीला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. दसऱ्याला निम्मे कामगार दीक्षाभूमीवर असत, उरलेले सोनं वाटण्यात. म्हणून मास्तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमधले बाक भिंतीला लावत आणि पुढचे तीन दिवस प्रदर्शन भरवत. पाळी सुटली की माणसं गेटमधून निघून सरळ आमच्याकडे येत. त्यांच्या भुवयांवर आणि कानांवर कापसाचे तंतू बसलेले असत.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा साठीचं दशक संपत आलं होतं. काटोलहून आलेला, नुकता बी.ए. झालेला आणि कलेतलं आपल्याला कळतं असा ठाम समज असलेला मी. अक्षर बरं होतं. त्यामुळे चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम पहिल्याच वर्षी माझ्या गळ्यात पडलं आणि त्याबरोबर मास्तरही पडले.

दिसायला ते अगदी बेताचे होते. धोतर, शर्ट आणि त्यावर बारा महिने एकच कोट. नागपूरच्या मे महिन्यातही तो कोट अंगावर असायचा, कारण त्याच्या खिशात भिंग असे. कापडाचे धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग. कुठंही, कुणाच्याही बाहीचं टोक चिमटीत धरून ते भिंग लावत आणि ताणे किती, बाणे किती, ते पुटपुटत मोजत. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या बुशकोटाला त्यांनी असंच धरलं. हेडमास्तर घामाघूम झाले. मास्तर शांतपणे मोजणी संपवून म्हणाले, “कपडा चांगला आहे जी, पण आमच्या गिरणीचा नाही. तुमाले महाग पडला असन.” साहेब हसले म्हणून निभावलं.

ते सगळ्यांशी असंच बोलत. वर्गात, ऑफिसात, साहेबांसमोर, तीच नागपुरी बोली. मी एकदा म्हणालो, सर, मुलांसमोर तरी जरा शुद्ध बोला. त्यावर म्हणाले, “काहून गा? मी काय अशुद्ध चित्र काढून राहिलो?”

घड्याळ त्यांनी आयुष्यात बांधलं नाही. सक्करदऱ्याजवळ एका खोलीत एकटेच राहत. लग्न केलेलं नव्हतं. गिरणीच्या भोंग्यावर उठत, भोंग्यावर जेवत. संपाच्या दिवसांत भोंगा बंद असला की मास्तरांचं जेवण हटकून चुके. दुपारी चारला पिवळा चेहरा घेऊन ते शाळेच्या ओट्यावर बसलेले सापडत.

त्यांचा काळा रंग घरचा असे. गिरणीच्या धुराड्यातली काजळी आसपासच्या घरांच्या कवेलूंवर बसायची. वाळवणं घालणाऱ्या बायका तिला शिव्या द्यायच्या आणि मास्तर ती गोळा करायचे. ब्रश आणि डबा घेऊन शिडीवर चढलेले मास्तर मी स्वतः पाहिले आहेत. खालून एक बाई ओरडत होती, “मास्तर, माह्या छपरावर काय करून राहिले जी तुमी?” हे वरून म्हणाले, “काजळ घेऊन राहिलो बाई. तुमचं घर साफ, माहं चित्र साफ.” ती काजळी डिंकात खलून ते रंग करत. गिरणीचं काळं दुकानातल्या बाटलीत मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोन्ही काळ्यांत काही फरक दिसत नसे. पण बोलायची सोय नव्हती.

आणि खोडरबर. त्यांच्या तासाला खोडरबराला बंदी होती. कुणाजवळ सापडलाच तर तो कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात जायचा आणि मार्चमध्ये परत मिळायचा. “रेघ चुकली तं राहू दे,” असं ते मुलांना सांगत. “बाजूले दुसरी मार. पाहणाऱ्याले समजलं पाहिजे का तू कुठी चुकला होता.” मुलांच्या वह्या भयंकर दिसत. पण ती मुलं चित्र काढायला घाबरत नसत, हे मी कबूल करतो.

प्रदर्शनाची कल्पना त्यांना कशी सुचली, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. त्यांचे वडील गिरणीत यंत्रांना तेल घालायच्या कामावर होते, एवढं मला ठाऊक आहे. मॅनेजरसाहेबांची मर्जी होती, त्यामुळे मास्तरांना रविवारी गिरणीत बसून चित्रं काढायचा पास मिळाला होता. रविवारी यंत्रं बंद आणि माणसं नाहीत. मग चालू यंत्र आणि त्यावरचा माणूस हे सगळं डोक्यातून काढावं लागे आणि तिथं चुका होत. त्या कामगारांनी दाखवायच्या.

सुरुवातीला कुणी पेन्सिलीला हात लावेना. मास्तराच्या चित्रावर रेघ कशी मारायची? पहिली रेघ मारली ती एका म्हाताऱ्या विणकरानं. माग चालवणाऱ्या माणसाच्या चित्रासमोर तो अर्धा तास उभा होता. मग पुढं होऊन त्यानं त्या माणसाच्या पायांना गोल केला. “लूमवाला असा जोडपायानं उभा राहत नाही मास्तर. त्याले दोन मशीनी पाहा लागते. एक पाय नेहमी दुसरीकडे निघालेला रायते.” मास्तरांनी त्याला तिथंच मिठी मारली. तो बिचारा कावराबावरा झाला.

दुसऱ्या वर्षी सूत गुंडाळण्याच्या खात्यातल्या एका बाईनं चित्रातल्या बाईच्या डोक्यावर फुली मारली. “हिचे केस इतके काळे कशे? पाळी सुटंपर्यंत आमी समद्या म्हाताऱ्या दिसतो,” ती म्हणाली. तिच्याही डोक्यावर त्या वेळी कापूस होताच.

खूण झाली की मास्तर त्याच संध्याकाळी ते चित्र उतरवत, खूण न पुसता दुरुस्ती करत आणि सकाळी पुन्हा टांगत. खालच्या चिठ्ठीवर मी लिहायचं, ‘दुरुस्ती : बिल्ला नंबर अमुक’. दुसऱ्या दिवशी तो माणूस बायकोमुलांना घेऊन येई आणि चिठ्ठीवरचा आपला नंबर दाखवी. ज्या नंबरावरून गेटवर झडती व्हायची, तो नंबर भिंतीवर लागलेला पाहून माणसं कशी ताठ उभी राहत, ते मी पाहिलं आहे. मास्तर म्हणत, “चित्र काढते मास्तर अन् सही करते मजूर.” मला तेव्हा हे सगळं थोडं बाळबोध वाटायचं. कला म्हणजे काही यंत्राचा नकाशा नव्हे, असं मी त्यांना ऐकवीतही असे. ते ऐकून घेत.

पुढं पुष्कळ वर्षांनी, ऐंशी सालाच्या आसपास, गिरण्यांना उतरती कळा लागल्यावर नागपूरच्या सदर भागातून एक गृहस्थ त्यांच्या खोलीवर आले होते. जुन्या गिरण्यांवर प्रदर्शन करायचं होतं त्यांना. चित्रं पाहून हरखून गेले आणि विचारलं, “या लाल खुणा साफ करता येतील का?” तोवर त्या चित्रांवर खुणाच जास्त झाल्या होत्या. मास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, “एकदा साफ केली होती जी. आता नाही करत.” ते गृहस्थ काही न समजता निघून गेले. मी तिथंच बसलो होतो. मला समजलं होतं.

त्या एकदाची गोष्ट सांगायची तर एका चित्रापासून सुरुवात करावी लागते.

कार्डिंग खातं म्हणजे गिरणीत कापूस विंचरतात तो भाग. तिथल्या एका यंत्राचं ते चित्र होतं. मोठा कागद, पातळ जलरंग. यंत्राच्या बाजूला चाक, चाकावरून जाणारा पट्टा, आणि त्या दोन्हींवर हात जाऊ नये म्हणून बसवलेली लोखंडी जाळी. वरच्या काचेतून ऊन त्या जाळीवर पडलेलं आणि तिची सावली खाली फरशीवर पसरलेली. त्या उजेडात कापसाचे कण तरंगत होते. आजही डोळे मिटले की मला ते चित्र दिसतं. मास्तरांच्या हातून असं दुसरं काही झालं नाही. त्यांनाही ते कळत होतं. टांगून झाल्यावर ते दोनदा मागं सरकून उभे राहिले. एरवी ते कधी असं करत नसत.

पहिल्याच दिवशी पाळी सुटल्यावर देवाजी आला. त्याच खात्यात, त्याच यंत्रावर काम करणारा. चाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. चित्रासमोर जाऊन त्यानं फारसा वेळ घेतला नाही. पेन्सिल घेतली, जाळीभोवती मोठा गोल केला, दाबून फुली मारली आणि शेजारी नंबर लिहिला, ४१७.

“या मशीनले जाळी नाही सर,” तो म्हणाला. “बाजूच्या मशीनले आहे. याची काढली ते बसवलीच नाही.”

मास्तरांनी रविवारी शेजारच्या यंत्राची जाळी पाहिली होती आणि या यंत्राला लावली होती. चित्रासाठी तीच जागा बरी होती.

“दुरुस्त करान ना सर?” देवाजीनं विचारलं.

“करतो गा,” मास्तर म्हणाले.

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. “नक्की करान ना?”

“करतो म्हटलं ना.”

मला त्याचा जरा रागच आला. एका जाळीसाठी माणसानं किती मागं लागावं?

दुसऱ्या दिवशी सदरच्या मोठ्या प्रदर्शनाचे लोक चित्रं निवडायला येणार होते. आपल्या भागातले उद्योगधंदे हाच त्या प्रदर्शनाचा विषय होता. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या शाळेकडे पहिल्यांदाच वळून पाहिलं होतं. संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर मास्तरांनी चित्र उतरवून टेबलावर ठेवलं. पाण्याचा पेला घेतला, ब्रश घेतला आणि नुसतेच बसून राहिले.

जाळी काढली तर फरशीवरची सावलीही काढावी लागणार होती आणि सावली काढली की चित्रात उरलं काय? एक चाक आणि एक पट्टा.

“काय करू गा?” त्यांनी मला विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला चित्राबद्दलचा हा एकच प्रश्न.

मी म्हणालो, “सर, जाळी राहू द्या. सगळं चित्र त्या जाळीवर उभं आहे. खरी जाळी आहे की नाही ते कोण बघायला जाणार आहे? फुली तेवढी झाका.”

थोड्या वेळानं त्यांनी पोस्टर कलरची बाटली उघडली आणि लाल खुणेवरून जाड हातानं जाळी पुन्हा रंगवली. मी चिठ्ठी लिहिली. दुरुस्तीची ओळ लिहिली नाही. दोघंही एकमेकांकडे न बघता घरी गेलो.

निवडायला आलेल्यांनी ते चित्र पाहताक्षणी उचललं आणि त्याच दुपारी सदरला नेलं. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी देवाजी बायकोला घेऊन आला. कौसल्या तिचं नाव. नवं लुगडं नेसून आली होती. मास्तर तेव्हा बाहेर गेले होते. रिकाम्या खिळ्यासमोर उभं राहून देवाजीनं मला विचारलं, “चित्र कुठी गेलं सर?”

“सदरला गेलं. मोठ्या प्रदर्शनात. तुमच्या गिरणीचे साहेबसुद्धा बघायला जाणार आहेत.”

“दुरुस्त होऊन गेलं ना?”

मी “हो” म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की मला वाटलं, बरं झालं खोटं बोललो. बायकोकडे वळून तो म्हणाला, “पाह्य, म्या म्हटलं होतं ना.” मला वाटलं, नंबराचं कौतुक असणार.

चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. गिरणीनं ते विकत घेतलं, काचेत बसवलं आणि मॅनेजरसाहेबांच्या खोलीत लावलं. मास्तरांना शील्ड मिळाली. ती त्यांनी खोडरबराच्या डब्यामागं ठेवून दिली. त्या वर्षी त्यांनी मुलांचे खोडरबर जप्त केले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात देवाजीचा हात त्या पट्ट्यात गेला. दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही.

गिरणीचं म्हणणं पडलं की यंत्राला जाळी होती. सफाई लवकर उरकावी म्हणून कामगारानं ती स्वतःच काढली आणि हलगर्जीपणा केला. अपघातानंतर दोन दिवसांत तिथं जाळी आलीही होती. हलगर्जीपणा हा शब्द कागदावर राहिला असता, तर कौसल्याबाईला काही मिळणार नव्हतं. आणि नवरा आपल्याच चुकीनं मेला, हे जन्मभर ऐकावं लागणार होतं. देवाजीबरोबर काम करणारे दोघंतिघं बोलायला तयार होते, पण त्यांच्या शब्दाला वजन किती? चौकशी लागली. गिरणीतर्फे मास्तरांना अगदी आदरानं पत्र आलं की, आपण साक्षीला यावं. आपल्या चित्रात जाळी आहे. आपली चित्रं कामगार स्वतः तपासतात हे साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि त्या चित्रावर एकही लाल खूण नाही.

पत्र वाचून मास्तरांनी ते माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, “सर, तुम्ही फक्त चित्र माझं आहे एवढंच सांगा. ते तर खरंच आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

गिरणीनं त्यांच्यासाठी गाडी पाठवली होती. ते पायी गेले. मी बरोबर होतो. गिरणीच्या ऑफिसातल्याच एका खोलीत चौकशी चालू होती. मधे अधिकारी, एका बाजूला मॅनेजरसाहेब, भिंतीला टेकवून ठेवलेलं ते चित्र. दाराजवळच्या बाकावर कौसल्याबाई पदर घट्ट धरून बसली होती. मी तिच्या मागं, उंबऱ्यापाशी उभा राहिलो.

“हे चित्र तुमचंच ना?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो जी.”

“जे होतं तसंच काढलं आहे?”

मास्तरांनी शिपायाकडे पाणी मागितलं. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा घसा कोरडा पडला. त्यांनी पेला टेबलावर ठेवला, चित्र उलटं केलं, खिशातल्या पेन्सिल तासायच्या चाकूनं मागचे खिळे सैल केले आणि कागद काचेतून बाहेर काढला. कुणाला काही कळायच्या आत रुमाल पाण्यात बुडवून जाळीवर ठेवला.

मॅनेजरसाहेब उठून उभे राहिले. “मास्तर, काय करताय? चित्र कंपनीचं आहे ते.”

“चित्र कंपनीचं आहे जी,” मास्तर म्हणाले. “चूक माही आहे.”

जलरंग कागदात मुरलेला असतो, पण वरून दिलेला पोस्टर कलर पाण्यानं सुटतो. मेणाची लाल पेन्सिल सुटत नाही. ते हळूहळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा रुमाल फिरवत होते. पांढुरका, करडा रंग रुमालाला लागत गेला. आधी गोल दिसला. मग फुली. मग ४१७.

अधिकाऱ्यांनी तो कागद खिडकीजवळ नेऊन पाहिला, उलटून मागचा खरेदीचा शिक्का पाहिला. तो अपघाताच्या कितीतरी आधीचा होता. मग कारकुनाला विचारलं, हा नंबर कुणाचा. कारकुनानं रजिस्टर न उघडताच सांगितलं.

“जाळी तिथं नोती,” मास्तर म्हणाले. “देवाजीनं मले दाखवून देलं होतं. मी ते झाकलं. जाळी सुंदर दिसत होती म्हणून झाकलं. दुसरं काही कारण नाही.”

“हे आणखी कुणाला माहीत होतं?”

मी उंबऱ्यापाशी होतो. मास्तरांची माझ्याकडे पाठ होती. ती पाठ जराही हलली नाही.

“मी एकटाच होतो,” ते म्हणाले.

टेबलावर त्या कागदावरची जाळी लाल फुलीखाली गेली होती आणि तिची सावली तेवढी फरशीवर राहिली होती. माझी नजर तिथून हलेना. एक पाऊल पुढं टाकून ‘मीही होतो’ म्हणायचं, एवढंच काम होतं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि शाळेच्या कमिटीवर गिरणीची माणसं होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आज ती लिहितानाही लाज वाटते.

मास्तरांचा गिरणीचा पास गेला. शील्ड त्यांनी स्वतः सदरला नेऊन परत केली. शाळेत ते निवृत्त होईपर्यंत राहिले. हेडमास्तर भले होते म्हणूनच ते जमलं. दर दसऱ्याला प्रदर्शन भरत राहिलं, पण नवं चित्र एकही निघालं नाही. तीच जुनी चित्रं टांगायची आणि शेजारी पेन्सिली. कामगार येत, खुणा करत. मास्तर त्या दुरुस्त करत नसत, तशाच ठेवत. यंत्रं बदलली, पाळ्या बदलल्या, माणसं कमी झाली, त्याच्याही खुणा होत गेल्या. होता होता चित्रं लाल झाली. मी म्हणालो, “सर, आता यात चित्र दिसत नाही.” ते म्हणाले, “अजून चुका बाकी आहेत गा.”

त्यांनी मला त्या संध्याकाळबद्दल एका शब्दानंही कधी विचारलं नाही. चिठ्ठ्या मात्र शेवटपर्यंत माझ्याकडूनच लिहून घेतल्या. त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसायचो. एकदा धीर करून म्हणालो, “सर, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?” ते कण्हत कुशीवर वळले आणि म्हणाले, “पेंट कोणाच्या हातानं केलं होतं? तुह्या का माह्या?” पुढं बोलू दिलं नाही. आता ते नाहीत, म्हणून हे सगळं लिहितो आहे. कौसल्याबाई आहे की नाही, ठाऊक नाही. असली तर तिच्यापर्यंत हे पोचावं, असं फार वाटतं.

चौकशीनंतर महिनाभरानं ती शाळेत आली होती. मधली सुट्टी होती. ड्रॉइंगच्या खोलीत मास्तर आणि मी दोघंच होतो. ती दारातच उभी राहिली.

“तो शब्द काढला जी कागदावरून,” ती म्हणाली. “सायबानं वाचून दाखोला. ह्यायची चूक नोती असं लिहिलं.”

मास्तर खुर्चीतून उठले, पण त्यांना पुढं जाता येईना. “बाई,” ते म्हणाले, “तुमी मले काही बोलून घ्या. मनात ठेवू नका.”

“बोलू काय सर? हे काही चित्र पाहाले नोते आले. चित्राचा त्यायले शोक नोता. दोनदा त्यायच्या मुकादमाले, जॉबरले सांगतलं, जाळी बसवा म्हणून. कोणी आयकलं नाही. मंग तुमचं प्रदर्शन लागलं तं मले म्हणे, सरच्या चित्रात जाळी नाही दिसली का सायबाच्या डोळ्यात येते. सायेब लोक चित्र पाहाले येते, मशीन पाहाले येत नाही. म्हणून आले होते.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मले घेऊन आले त्या दिवशी घरी जाताना म्हणे, आता बसवतीन. दुरुस्त होऊन गेलं, आता सायेब पायतीन.”

मास्तरांनी टेबलाची कड धरली.

मग ती माझ्याकडे वळली. “तुमीच होते ना जी त्या दिवशी? दुरुस्त होऊन गेलं म्हटलं तुमी.” आणि मी काही बोलायच्या आत तिनंच मला सोडवलं. “तुमाले बिचाऱ्याले काय ठाऊक. सरनं तुमालेबी सांगतलं नसन.”

“नाही,” मास्तर म्हणाले. “त्याले ठाऊक नोतं.”

घंटा झाली. मुलं व्हरांड्यातून धावत यायला लागली. तिनं दारातूनच आम्हां दोघांना हात जोडले. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांनी तो नमस्कार घेतला नाही. मी घेतला.